तुम्ही विचारलंत म्हणून: घरी दागिने करायला सुरुवात कुठून करू?

लग्नसराई आली की माझी नथ नाहीतर गळ्यातला मोत्यांचा सर बघून कोणीतरी विचारतंच, ताई मलापण घरी दागिने करायचेत, कुठला किट मागवू? मी दरवेळी एकच सांगते, किट नका मागवू. त्यात प्लॅस्टिकचे मणी ढीगभर असतात आणि पकडी मात्र ढिल्या, तोंडं एकमेकांवर नीट बसतच नाहीत. तेच पैसे तीन चांगल्या हत्यारांवर घाला. एक गोल तोंडाची पक्कड, एक चपट्या तोंडाची (आतून दाते नसलेलीच घ्या, दात्यांनी तारेवर ओरखडे उठतात आणि वरचा मुलामा निघतो) आणि एक तार कापायचा कटर. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत मणी, तार, हूक सगळं हाताळून घेता येतं, मुंबईत भुलेश्वरला.

तार मागताना नुसतं वीस गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) म्हणू नका. गेज दोन पद्धतींचे असतात, ब्रिटिश मापाची 20 गेज तार साधारण 0.91 मिमी आणि अमेरिकन मापाची 0.81, आणि ऑनलाइन मागवताना कुठलं माप आहे हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. कानात अडकवायच्या हूकला 0.8 मिमी बरी पडते, त्याहून जाड तार भोकातून जाताना दुखते. म्हणून सरळ मिलिमीटरमध्ये विचारा. नथीचा मुख्य आकडा याच जाडीचा करा आणि मोती बांधायला 0.3 मिमीची बारीक तार घ्या, एकेक मोती ओवायचा, तारेचे दोन वेढे आकड्याला घट्ट घ्यायचे, मग पुढचा. नाकात जाणारं टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केल्याशिवाय कोणाला घालायला देऊ नका. आणि निकेलवाल्या स्वस्त तारेनं पुष्कळ जणींना खाज येते, पुरळ उठतं, त्यामुळे कानानाकासाठी चांदीचीच तार वापरा.

आता खरी गोष्ट. दागिना मण्यात क्वचितच तुटतो, तो जोडावर तुटतो. म्हणून डिझाइनच्या मागे लागण्याआधी कडी, लूप आणि गाठ या तीन गोष्टी हातात बसू द्या. कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक टोक पुढे एक मागे असं पिळायचं आणि तसंच परत आणायचं, म्हणजे गोलाई बिघडत नाही. लूपसाठी मण्याच्या वर साधारण एक सेंटीमीटर तार ठेवून काटकोनात वाकवा आणि गोल पकडीवर फिरवा. पकडीचं तोंड निमुळतं असतं ना, मग सगळे लूप एकसारखे यायला मार्करनं एक खूण करून ठेवा आणि दरवेळी तिथेच तार धरा. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होत जाते आणि शेवटी तुटते, त्यामुळे चुकलेला लूप सरळ करत बसू नका, नवा तुकडा घ्या.

आणि गाठ, माझं सगळ्यात आवडतं काम. चांगल्या मोत्यांच्या सरात प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ असते, पटवेकरी लोक दागिने गाठवतात तेव्हा त्यांचा हात एकदा नीट बघा, कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर फार तर एखादा मोती निसटतो, सगळा सर घरंगळत नाही. रेशमी दोरा आधी ताणून घ्या, नाहीतर नंतर सैल पडतो, आणि लांबी सराच्या तिप्पट तरी धरा कारण गाठी दोरा खातात. सैल गाठ मारायची, तिच्यात सुई घालून ती मोत्याला अगदी टेकेपर्यंत सरकवायची, मग सुई काढून ओढायची. शेवटच्या गाठीवर फेव्हिक्विक लावायचा मोह होतो पण नको, त्यानं दोरा कडक होतो आणि नेमका तिथेच मोडतो.

खरे मोती असतील तर अत्तर, हेअरस्प्रे आधी मारा आणि मोती शेवटी घाला. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगरनं पुसलेत तर चकाकी जाणार. मऊ कपडा पुरतो.

डाक देण्याबद्दल, म्हणजे धातू वितळवून जोड पक्का करण्याबद्दल पण विचारता. टॉर्च, सवागी (डाक देताना लावायचा टंकणखार) सगळं ऑनलाइन मिळतं हे खरं, पण स्वयंपाकघरात हे करू नका. कॅडमियम असलेल्या डाकाचा धूर फुप्फुसांना फार घातक असतो आणि सुट्या घेतलेल्या तुकड्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही. कडी पक्की बंद करून हवी असेल तर सोनाराकडे द्या, छोटं काम असतं, करून देतात. तोवर नुसत्या तार-दोऱ्यावर कुड्या, नथ, तन्मणी एवढं सगळं होतं, पहिल्यांदा कुड्याच करा, दोन सारख्या करताना हात आपोआप बसतो.