आधी ट्रान्सफर, मग ईमेल: चौदा डोमेन हलवण्याचा माझा अनुभव

रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन (साइटचं नाव) ज्या कंपनीकडे नोंदवलंय ती, बदलायचा असेल, तर डोमेन नव्याकडे पोहोचेपर्यंत रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनचा मालक म्हणून नोंदलेल्याच्या, ईमेलला हात लावू नका. एवढंच वाचून थांबलात तरी चालेल. माझे ६० दिवस याच एका चुकीत गेले. ही चूक होऊ शकते हे आधी सांगण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ते सांगितलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दोन ई-कॉमर्स साइट्स, बारा कंटेंट साइट्स, मिळून चौदा डोमेन. जशी साइट सुरू झाली तसं डोमेन घेतलं गेलं, त्यामुळे ती तीन रजिस्ट्रारांकडे विखुरलेली होती. सगळी एका खात्यात आणायची, कारण मुदत संपण्याच्या चौदा तारखा तीन ठिकाणी सांभाळणं म्हणजे कधी ना कधी एक निसटणार. डोमेन डिलीट झालं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे डोमेन सोडवून घेण्याचा काळ, त्यात परत मिळवायला नेहमीच्या कितीतरी पट शुल्क, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, आणि त्यानंतर जो आधी उचलेल त्याचं. कंटेंट साइटची अनेक वर्षांची लिंक आणि रँकिंगची कमाई त्या एका नावावर उभी असते.

पहिल्या दोन रजिस्ट्रारांकडची पाच डोमेन दोन दिवसांत हलली. ट्रान्सफरचा लॉक काढा, ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) घ्या, नव्याकडे टाका, जुन्याकडून आलेल्या ईमेलमधल्या मंजुरीच्या लिंकवर क्लिक करा. यात सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्याकडे नऊ डोमेन होती, दोन्ही दुकानांची धरून. तिथे रजिस्ट्रंट म्हणून जो ईमेल होता तो आपल्याच एका जुन्या डोमेनवरचा, आणि त्या डोमेनची मेल सेवा कधीच बंद केलेली. मंजुरीचे ईमेल मिळणार नाहीत, म्हणून आधी ईमेल दुरुस्त करू असं ठरवलं. सरळ विचार वाटतो. खात्यात नऊही डोमेनवर टिक केली, बल्क एडिटमध्ये नवा ईमेल टाकला, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी ऑथ कोड मागितला तर नऊही डोमेनांसमोर एकच तारीख: तोपर्यंत ट्रान्सफर नाही. मोजून ६० दिवस.

नियम असा आहे. आयकॅन, म्हणजे जगभरची डोमेन-व्यवस्था सांभाळणारी संस्था, तिच्या ट्रान्सफर धोरणानुसार रजिस्ट्रंटचं नाव, संस्थेचं नाव किंवा ईमेल यांपैकी काहीही बदललं की तो 'चेंज ऑफ रजिस्ट्रंट' धरला जातो आणि डोमेनवर ६० दिवसांचा लॉक बसतो. १ डिसेंबर २०१६ पासून हे लागू आहे. डोमेन चोरणारा माणूस आधी ईमेल बदलतो आणि लगेच डोमेन दुसरीकडे पळवतो, म्हणून हा अडसर. हेतू चांगला आहे, माझी तक्रार नियमाबद्दल नाही. त्याच नियमात म्हटलंय की रजिस्ट्रार हा लॉक नको असल्याचा पर्याय देऊ शकतो, मात्र तो बदल करण्याआधीच निवडावा लागतो. नंतर काही होत नाही. आणि हेही म्हटलंय की डोमेन दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी ट्रान्सफर करा, मग माहिती बदला, असा सल्ला रजिस्ट्रारने ग्राहकाला द्यायलाच हवा.

आता त्या खात्यात प्रत्यक्षात काय होतं ते बघा. एकेक डोमेन उघडून ईमेल बदलला तर सेव्हच्या बटणावर एक छोटा चौकोन दिसतो: ६० दिवसांचा लॉक नको. बल्क एडिटच्या पडद्यावर तो चौकोनच नाही. नऊ डोमेन असलेला माणूस बल्क एडिटच वापरणार. सूचना होती, पण ती बदल झाल्यानंतर आलेल्या ईमेलमध्ये, अगदी तळाशी. त्यावर सपोर्टकडे चार तिकिटं (तक्रारी) झाली. पहिल्याचं उत्तर: लॉक तुमच्या सुरक्षेसाठी आहे. दुसऱ्याचं उत्तर शब्दशः तेच. तिसऱ्यात पडद्यांचे दोन फोटो शेजारी शेजारी जोडले, चौकोन असलेला आणि नसलेला. उत्तर आलं की पर्याय 'उपलब्ध आहे'. चौथ्यात त्यांनी मान्य केलं की बल्कमध्ये तो दिसत नाही, पण लॉक काढता येणार नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त चुटपुट लागली ती एका गोष्टीची: ईमेल बदलण्याची गरजच नव्हती. जुना रजिस्ट्रार रजिस्ट्रंटला जो खात्रीचा ईमेल पाठवतो, त्याला उत्तर नाही दिलं तर ट्रान्सफर अडत नाही. ५ दिवस थांबायचं, नकार आला नाही की डोमेन आपोआप जातं. उत्तर आलं नाही या कारणाने ट्रान्सफर नाकारण्याची मुभा जुन्या रजिस्ट्रारला नाही. त्या खात्यात ऑथ कोड पडद्यावरच दिसत होता. म्हणजे बंद पडलेल्या मेलबॉक्ससकट नऊही डोमेन ५ दिवसांत हलली असती.

मेलबॉक्स लागतो तो फक्त ऑथ कोड ईमेलनेच पाठवणाऱ्यांकडे. त्यामुळे पहिलं काम हे: कोड पडद्यावर मिळतो की ईमेलवर, ते एका बिनमहत्त्वाच्या डोमेनवर करून बघा. ईमेलवर मिळत असेल आणि मेलबॉक्स मेलेला असेल, तर पत्ता बदलू नका, मेलबॉक्स जिवंत करा. त्या डोमेनवर एक एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे जावी हे सांगणारी नोंद) आणि एक फॉरवर्डर (आलेली मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा), एवढ्यात काम होतं. ते डोमेनच हातात नसेल तर मात्र पत्ता बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेव्हा एकेक डोमेन उघडून, तो चौकोन शोधून, टिक करूनच. पर्याय देणं रजिस्ट्रारला बंधनकारक नाही, काहींकडे तो नसतोच.

कोड द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर धोरणातल्या दोन गोष्टी तिकिटात लिहा. मागितल्यापासून ५ दिवसांच्या आत कोड द्यायचा आणि लॉक काढायचा असतो. आणि नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड देणारे सर्व्हर) किंवा संपर्काची माहिती बदलायला जितकी पडताळणी लागते, त्याहून कडक पडताळणी कोडसाठी मागता येत नाही. तरीही अडलं तर आयकॅनच्या साइटवर ट्रान्सफरच्या तक्रारीचा अर्ज आहे, त्याला तिकिटांचे क्रमांक आणि तारखा जोडा. हे सगळं डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनांना लागू. देशांच्या दोन अक्षरी टोकांचे नियम ज्याचे त्याचे वेगळे.

स्पेलिंग सुधारल्यावर लॉक बसू नये, कारण टंकनदोषाची दुरुस्ती हा महत्त्वाचा बदल धरला जात नाही. पण खात्याच्या सॉफ्टवेअरला तो फरक कळेल यावर मी विसंबणार नाही. बाहेरून आरडॅपवर, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, पाहिलं तर हा लॉक 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असाच दिसतो, आपण स्वतः लावलेल्या साध्या लॉकसारखा. दोन्हींतला फरक फक्त खात्यात आत गेल्यावर कळतो.

नऊपैकी दोन डोमेनांची मुदत त्या ६० दिवसांतच संपत होती, म्हणजे ज्यांना सोडायचं त्यांच्याकडेच नूतनीकरण. इथे एक हिशेब नीट समजून घ्या. मुदत संपण्याआधी स्वतः रिन्यू केलं तर ते वर्ष सोबत येतं आणि ट्रान्सफरचं आणखी एक वर्ष त्यावर चढतं, एकूण १० वर्षांच्या मर्यादेत. पण मुदत उलटू दिली, ऑटो-रिन्यू झालं आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत डोमेन हलवलं, तर ऑटो-रिन्यूचं वर्ष रद्द होतं. एका वर्षासाठी दोनदा पैसे जातात, आणि ते परत देतीलच असं नाही.

लॉकच्या काळात हात बांधून बसायची गरज नव्हती. नेमसर्व्हर बदलायला हा लॉक आड येत नाही, म्हणून डीएनएस, म्हणजे साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणारे रेकॉर्ड, रजिस्ट्रारकडून काढून वेगळ्या सेवेकडे नेलं. हे ट्रान्सफरच्या आधीच व्हायला हवं. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर तेच राहतात, पण ते जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर डोमेन गेल्यावर तो झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डचा संच, कधी पुसेल याचा भरवसा नाही.

नवी डीएनएस सेवा जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणते, त्यावर अवलंबून राहू नका. डीएनएसमध्ये सगळे रेकॉर्ड मागवण्याची सोय बाहेरच्यांना नसते. सेवा नेहमीची नावं विचारून बघते आणि जी सापडतील ती घेते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सापडतं, मेल सापडतं. डीकेआयएमचा, म्हणजे ईमेलवरची सही तपासण्याचा, रेकॉर्ड मात्र मेल सेवेने ठरवलेल्या सिलेक्टरच्या नावाखाली असतो, तो राहून जातो. साइट व्यवस्थित चालते, ऑर्डर येतात, आणि ऑर्डरची पोच देणारे ईमेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. जुन्या ठिकाणाहून पूर्ण झोन फाइल एक्सपोर्ट करा आणि ओळीला ओळ लावून तपासा. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात बसत नाही, ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत असते. हाताने चिकटवताना मधे एक जागा किंवा अवतरणचिन्ह जास्त राहिलं की सही जुळत नाही. म्हणून आधी स्वतःलाच एक ईमेल पाठवून त्याच्या हेडरमध्ये 'डीकेआयएम पास' दिसतंय का ते पाहायचं, मगच पुढच्या डोमेनला हात लावायचा.

डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याची सोय) चालू असेल तर क्रम चुकवू नका. आधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (ती सही ओळखण्याची खूण) काढा, पूर्ण एक दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, ८६,४०० सेकंद म्हणजे २४ तास असतो. उलट क्रमाने केलं तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर (डोमेनचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरवर) साइट उघडत नाही आणि न तपासणाऱ्यांवर उघडते. एक ग्राहक म्हणतो बंद आहे, तुमच्याकडे चालू दिसते, आणि चूक शोधण्यात दिवस जातो. नेमसर्व्हरचा टीटीएल तिथे १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास. तेवढा वेळ जुना आणि नवा झोन दोन्ही सारखेच ठेवा. एखादा रेकॉर्ड बदलायचा असेल तर दोन्हीकडे बदला.

दुकानाच्या डोमेनबाबत आणखी एक. पेमेंट सेवेचा वेबहूक (पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप) आपल्या डोमेनवर येतो. तेवढ्यात डीएनएस बिघडलं तर पैसे जमा होतात आणि ऑर्डर 'पेमेंट बाकी'मध्येच अडकते. त्यामुळे दुकानांचे बदल सर्वांत शेवटी, विक्री कमी असलेल्या दिवशी, आणि नंतर पेमेंट सेवेच्या नोंदींत अपयशी वेबहूक शोधून ते पुन्हा पाठवायचे. कंटेंट साइट्सवर हात बसू द्या, मगच दुकानं.

गूगलच्या सर्च कन्सोलमधली (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारी सेवा) डोमेन प्रॉपर्टी डीएनएसमधल्या टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डवर पडताळलेली असते. तो रेकॉर्ड नव्या झोनमध्ये नसेल तर काही काळाने पडताळणी जाते. कुठला टीएक्सटी कशाचा, हे शीटमध्ये लिहून ठेवा. माझ्या शीटमध्ये डोमेन, रजिस्ट्रार, मुदत, नेमसर्व्हर, डीएस आहे की नाही, मेल चालते का, सर्टिफिकेट कसं मिळतं आणि टीएक्सटींची यादी, एवढे रकाने आहेत. हे आधी केलं असतं तर तो मेलेला ईमेल पहिल्याच दिवशी दिसला असता.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी नऊ कोड घेतले, सगळे नव्या खात्यात टाकले. मंजुरीची लिंक लगेच आली आणि संध्याकाळपर्यंत नऊही डोमेन पोहोचली. इतका हलका दिवस बऱ्याच महिन्यांत आला नव्हता. कोड ईमेलमधून उचलत असाल तर शेवटी रिकामी जागा चिकटलेली नाही ना, ते पाहा. 'अवैध कोड' असा निरोप बहुतेकदा त्यामुळेच येतो.

पोहोचल्यावर नवा रजिस्ट्रार रजिस्ट्रंटचा ईमेल पडताळण्यासाठी एक निरोप पाठवतो. १५ दिवसांत त्याला प्रतिसाद दिला नाही तर डोमेन निलंबित होऊ शकतं, म्हणजे साइट आणि मेल दोन्ही बंद. ईमेल कुठला द्यायचा हेही इथेच ठरवा: स्वतःच्या पोर्टफोलिओतल्या कुठल्याही डोमेनवरचा पत्ता नको. ते डोमेन पडलं तर ते वाचवण्याचा निरोपही त्याच्याबरोबर पडतो. ऑटो-रिन्यूची खूण ट्रान्सफरसोबत येत नाही, ती प्रत्येक डोमेनवर पाहून लावायची. आणि ट्रान्सफरनंतर पुन्हा ६० दिवस डोमेन तिथेच राहतं, म्हणून नवं ठिकाण घाईत निवडू नका.

जुनं डीएनएस खातं मात्र अजून बंद केलेलं नाही. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणारं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र) डीएनएसवरून पडताळलं जातं आणि सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये जुन्या डीएनएसची एपीआय किल्ली, म्हणजे स्क्रिप्टचा पासवर्ड, असते. डीएनएस हलवल्या दिवशी काहीच बिघडत नाही, कारण सर्टिफिकेट हातात असतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, स्क्रिप्ट साधारण ६०व्या दिवशी नवं मागते, आणि तेव्हा ती गुपचूप अपयशी ठरते. मुदतीची आठवण देणारे त्यांचे ईमेल जून २०२५ मध्ये बंद झाले, त्यामुळे सांगणारंही कुणी नाही. सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यावं हे सांगणारा) नव्या झोनमध्ये आहे का, त्यात लेट्स एन्क्रिप्टचं नाव आहे का तेही पाहा. मी चौदाही डोमेनांवर नूतनीकरणाची चाचणी हाताने चालवली. तीन अडली, तिन्ही जुन्या किल्लीमुळे.