दोन महिलांसह चौघे

हिवाळ्यात इथं मॉन्ट्रियलला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा बेळगावात, आमच्या वडगावात, सकाळचे साडेसात झालेले असतात. आई चहा आणि पेपर घेऊन बसलेली असते. ६ डिसेंबरला फोन केला तर म्हणाली, "निपाणीकडं टेम्पो उलटला बघ. दोन महिलांसह चौघे ठार."

"बाकीचे दोघं कोण?"

"एक चालक, एक हमाल."

त्या दोघी तंबाखूच्या वखारीतून सुटून घरी निघाल्या होत्या, हे बातमीच्या अगदी तळाला. बाप्या मेला की त्याचा धंदा छापतात, बाई मेली की ती नुसती 'महिला'. फार तर 'विवाहिता'. (शेजारच्या अक्कांकडच्या कन्नड पेपरात 'गृहिणी'. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, यात मात्र दोन्हीकडं एकमत आहे.) 'विवाहिताची आत्महत्या' असं पुरुषाबद्दल कधी वाचलंय कुणी?

मी त्याच संध्याकाळी इथल्या माऊंट रॉयल टेकडीवरून परतले होते. १९८९ साली याच तारखेला इथल्या पॉलिटेक्निक या इंजिनिअरिंग कॉलेजात एकानं वर्गातली मुलं बाहेर काढली आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. १४ जणी गेल्या, बहुतेक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी. दरवर्षी अंधार पडला की टेकडीवरून एकेक करत १४ प्रकाशझोत आकाशात सोडतात. थंडीनं नाक गळत असतं, तरी लोक हलत नाहीत.

खरं त्यांच्या स्मृतिउद्यानातल्या पाटीवर कितीतरी वर्षं पॉलिटेक्निकमधली 'दुःखद घटना' एवढंच होतं. पूर आला, छप्पर कोसळलं, तसं काहीतरी. २०१९ साली पाटी बदलली, तेव्हा कुठं त्यावर आलं की १४ स्त्रियांना मारलं आणि तो स्त्रीवादाविरोधी हल्ला होता. जिथं बाई असणं हेच मरणाचं कारण, तिथं ते पाटीवर यायला ३० वर्षं लागली. आणि आमच्याकडं टेम्पोच्या चाकाला बाई-बाप्या काही कळत नाही, तिथं ते मथळ्यात.

हे सगळं आईला सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं, "ठेवतो मी" म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी तिचाच फोन. "त्यातली एक आपल्या मावशीच्या गल्लीतली गं. त्या हमालाच्या आधीपासनं वखारीत होती म्हणं."