कुजत चाललेली कोरफड नव्या कुंडीत बसवताना

तहानलेली कोरफड आणि मुळं कुजलेली कोरफड लांबून सारखीच दिसते: पानं पातळ, आत वळलेली. मुळं कुजली की कुंडीत पाणी असूनही ते वर चढत नाही, पानं सुकतात आणि ती बघून माणूस आणखी पाणी घालतो. फरक बोटाला कळतो. तहानलेलं पान चिवट लागतं. कुजलेलं बुडाशी लिबलिबीत, पाणेरी. माझ्या कोरफडीचं बूड दाबताच बोट आत गेलं, म्हणून पाणी बंद केलं आणि झाड कुंडीतून काढलं.

मुळांभोवती निव्वळ कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा होता. घरात वारा कमी. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, आत ओल तशीच. सगळं झटकून मुळं तपासली. टणक, पिवळसर मुळं ठेवली. जी हलकेच ओढल्यावर साल सुटून आत नुसता दोरा उरत होता, ती स्पिरिटने पुसलेल्या सुरीने छाटली. खोडाचा कापही बघितला. त्यात तपकिरी ठिपका दिसला तर पूर्ण स्वच्छ काप मिळेपर्यंत वर वर कापत जायचं, इथे दयामाया नको. मग झाड सावलीत चार दिवस उघडं ठेवलं. काप सुकून खपली धरली नाही तर ओल्या मातीत पुन्हा सडायला सुरुवात होते.

मिश्रण साधंच: एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू (दाणा २-३ मिमी), एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). बारीक वाळू घालू नये, ती मातीतल्या पोकळ्या बुजवते. कुंडी मातीची, भोकाची, मुळांच्या पसाऱ्यापेक्षा ३-४ सेंमीच रुंद. तळाशी खडे घालायची पद्धत मी सोडून दिली आहे. पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. त्यानंतर बांबूची काडी ५ सेंमी खोचून बघते. कोरडी निघाली तरच पाणी, तेही भोकातून वाहीपर्यंत, आणि बशीतलं लगेच ओतून टाकायचं. थंडीत दोन पाण्यांमधलं अंतर दुपटीने वाढतं.

जागा खिडकीपासून हातभर अंतरावर. उजेड कमी पडला की पानं लांबुडकी होऊन आडवी पडतात. एकदम कडक उन्हात नेली तर तांबूस होतात, म्हणून आठ-दहा दिवसांत थोडी थोडी सरकवायची.

बाजूची पिल्लं ८-१० सेंमीची आणि स्वतःच्या मुळांची असतील तरच वेगळी करावीत. नुसतं पान खोचून कोरफड होत नाही, ते सडतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि आठवड्याने पुन्हा बघायचं.