तुम्ही विचारलंत म्हणून : रोज आमदारांच्या ऑफिसला फोन कशाला?

मंडळाचा गणपती असो की कुणाकडचं हळदीकुंकू, मला हा प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही म्हणे प्रॉपर्टी टॅक्ससाठी रोज आमदारांच्या ऑफिसला फोन नाहीतर ईमेल करता? रोज? आणि टॅक्स तर टाउनशिप घेते, मग ट्रेंटनला कशाला सांगायचं?" ताटं हातात घेऊन याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी ट्रेंटनचं, म्हणजे आमच्या न्यू जर्सी राज्याच्या राजधानीचं, सांगते.

न्यू जर्सीत घर असलेल्या प्रत्येकाला फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरची 1 तारीख पाठ असते, कारण त्या दिवशी हप्ता देय होतो. 2024 साली राज्यातलं सरासरी वार्षिक बिल 10,000 डॉलरच्या वर गेलं. म्हणजे स्वतःच्याच घरात राहायचे महिन्याला आठशेहून जास्त. घराचं कर्ज फिटतं, हे कधी फिटत नाही. निवृत्त माणसाची मिळकत आहे तिथेच राहते आणि बिल चढत जातं. आमच्या ओळखीतली किती जोडपी मुलांची शाळा संपली की पेनसिल्व्हेनियात किंवा कॅरोलायनात निघून गेली. ज्यांना जायचं नव्हतं त्यांनाही जावं लागलं. माझा जीव तुटतो तो त्यांच्यासाठी.

आता ते बिल हातात घेऊन एकेक ओळ वाचा. काउंटी, शाळा, म्युनिसिपालिटी, कुठे लायब्ररी, कुठे ओपन स्पेस. बहुतेक गावांत सगळ्यात मोठा आकडा शाळेचा असतो. राज्यभराचा हिशेब मांडला तर निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. शाळेने गावाकडून किती मागायचं हे राज्याकडून तिला किती मदत मिळते त्यावर अवलंबून असतं. ती मदत 2008 च्या कायद्यातल्या सूत्राने ठरते. 2018 साली ट्रेंटनने त्यात फेरफार केले आणि पुढची काही वर्षं कित्येक गावांची मदत दरवर्षी कापली गेली, तर कित्येकांची वाढली. वसुली वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, हा 2010 चा नियमही ट्रेंटनचाच. त्यातून कर्जफेड, पेन्शन, आरोग्यविमा यांना वाट काढून दिली तीही ट्रेंटननेच. आणि ती मर्यादा एकूण वसुलीवर आहे, तुमच्या-माझ्या बिलावर नाही. हे माहीत नसलेले लोक टाउनशिपच्या खिडकीपाशी जाऊन भांडतात, आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं.

पुण्यात घर असलेल्यांना यात नवीन काही वाटू नये. घरपट्टी महापालिकेची, पण स्वतः राहत असलेल्या घराच्या 40 टक्के सवलतीचा निकाल राज्याच्या मंत्रिमंडळात लागला. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 साली माफी मिळाली, तीही राज्य सरकारकडूनच.

आमच्या राज्यात तर इन्कम टॅक्स आला तोच या वादातून. घरपट्टीच्या भरवशावर शाळा चालवल्या की गरीब गावांतल्या मुलांवर अन्याय होतो, असं न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 1973 साली सांगितलं. आमदारांनी पैशाची सोय करायला तीन वर्षं लावली. शेवटी कोर्टाने 1 जुलै 1976 पासून राज्यातल्या सरकारी शाळा बंद ठेवायला लावल्या. मग मात्र आठवड्याभरात इन्कम टॅक्सचा कायदा झाला, गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांची सही झाली, आणि पुढे त्याच वर्षी हा पैसा प्रॉपर्टी टॅक्सचा भार कमी करण्यासाठीच वापरायचा असं राज्यघटनेत घातलं गेलं. आपल्या पगारातून राज्याचा जो कर कापला जातो तो याच कामासाठी बांधलेला आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या फोनांचा आधार हाच. मी दयेची याचना करत नाही, घटनेत लिहिलेलं मागते.

आता 'रोज' कशासाठी, ते.

राज्याचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. हिवाळा सरता सरता गव्हर्नर बजेट मांडतात, वसंतात कमिट्यांच्या सुनावण्या होतात, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सौदा ठरतो. अँकरचे पैसे (घरमालकांना आणि भाडेकरूंना राज्याकडून मिळणारी प्रॉपर्टी टॅक्सची सवलत), सीनियर फ्रीझ (ज्येष्ठांच्या बिलात झालेली वाढ परत देणारी योजना), 65 वर्षांवरच्यांना बिलाच्या निम्मी रक्कम (जास्तीत जास्त 6,500 डॉलर) द्यायचं म्हणणारा 2023 चा स्टे एनजे कायदा, हे सगळं त्या बजेटमध्ये रक्कम घातली तरच हातात पडतं. कायदा झाला म्हणजे कायमची सोय झाली, असं समजून आपण स्वस्थ बसतो. प्रत्यक्षात दर जूनला तो प्रश्न नव्याने उभा राहतो. लोकांना जाग येते जूनच्या अखेरीला. तेव्हा सगळे फोन एकदम वाजतात, आणि आकडे बरेचसे ठरून गेलेले असतात. फेब्रुवारीत मात्र ऑफिसात ऐकायला माणूस असतो आणि त्याच्याकडे वेळ असतो.

रोज म्हणजे रोज त्याच टेबलावरचा फोन नव्हे. तो त्रास झाला, आणि तो मी कुणाला देत नाही. राज्यात 40 मतदारसंघ आहेत, प्रत्येकात एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे माझे आमदारच तीन. त्यांच्याखेरीज बजेट कमिटीतले सदस्य आहेत, गव्हर्नरांचं ऑफिस आहे. सकाळचा चहा झाला की दहा-पंधरा मिनिटं या कामाची. कधी फोन, कधी ईमेल, कधी सुनावणीसाठी लेखी निवेदन. कधी नुसतं एखादं विधेयक वाचते, कारण न वाचता केलेला फोन त्यांना लगेच कळतो. आणि कुणी चांगलं मत दिलं तर आभाराचं पत्र, हाताने लिहिलेलं. ते मी कधीच चुकवत नाही.

फोनवर काय बोलते, हेही पुष्कळजण विचारतात. बहुतेक वेळा एखादी तरुण मुलगी उचलते. आधी नाव, गाव, झिप कोड सांगायचा, कारण आपण त्याच मतदारसंघातले आहोत का, हे तिला सर्वात आधी नोंदवावं लागतं. मग विधेयकाचा नंबर, काय हवंय ते एका वाक्यात, आणि आपल्या बिलावरचा एक खरा आकडा. "आमच्या शाळेची राज्याची मदत यंदा कमी झाली, माझ्या बिलात शाळेची ओळ इतक्या डॉलरने वाढली, सिनेटरांची यावर भूमिका काय?" ती म्हणते, निरोप पोचवते. मी तिचं नाव आणि तारीख वहीत लिहिते. दोन आठवड्यांनी पुन्हा तिलाच विचारते, "तुम्ही विचारून सांगते म्हणाला होतात." सगळी मेख या दुसऱ्या फोनात आहे. पहिला फोन करणारे खूप असतात. दुसरा आला की तिला खरंच आत जाऊन विचारावं लागतं. आपले आमदार अर्धवेळ आहेत, पुष्कळांचा स्वतःचा वेगळा व्यवसाय आहे. दर सत्रात विधेयकं हजारोंनी येतात. कशाकडे लक्ष द्यायचं हे ते ठरवतात स्टाफने पुढे ठेवलेल्या कागदांवरून. आपला मुद्दा त्या कागदांत जावा, एवढ्यासाठी ही खटपट.

उपयोग होतो का? माझ्या फोनमुळे अमुक कायदा झाला असा दावा मी करणार नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका आजींचा सवलतीचा अर्ज महिनोन् महिने अडकला होता. डिस्ट्रिक्ट ऑफिसने त्यांच्याकडून संमतीचा कागद घेतला, संबंधित खात्याकडे पाठपुरावा केला, आणि चेक आला. आजींना वाटलं माझी कुठेतरी ओळख आहे. ओळख नव्हतीच, ते त्या ऑफिसचं कामच आहे आणि कुणालाही मागता येतं. आणि त्यानंतर एक दिवस तिथूनच मला फोन आला, की तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना अर्ज भरताना नेमकं कुठे अडतं, जरा विचारून सांगाल का. मी चार घरी जाऊन बसले, अर्जाची पानं उघडून पाहिली, जिथे जिथे पेन थांबत होतं ते लिहून दिलं.

प्रत्येक गाऱ्हाणं मात्र यांच्याकडे न्यायचं नसतं. घराची किंमत जास्त धरली असं वाटत असेल तर काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अपील. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी 1 एप्रिल. प्रॉपर्टी टॅक्सची फेडरल वजावट किती, हा विषय वॉशिंग्टनचा. राज्याच्या आमदाराला त्यावर ऐकवून त्याचा आणि आपला वेळ जातो.

आणि मी "टॅक्स कमी करा" एवढंच कधी म्हणत नाही. आपण इथे आलो ते शाळांसाठी. आपली मुलं शिकून गेली, आता दुसऱ्यांची शिकताहेत, त्यांच्या वर्गात वीसच्या जागी तीस मुलं बसवून माझं बिल कमी व्हायला नको. मला हवंय ते असं, की शाळेचा मोठा वाटा राज्याने इन्कम टॅक्समधून उचलावा. शेजारचं घर चढ्या भावाने गेलं म्हणून पेन्शनीवर राहणाऱ्या माणसाच्या खिशात एक डॉलरही वाढत नाही. कर मिळकतीवर बसावा, भिंतींवर नाही. हे मी तिघांनाही सांगते, त्यांतल्या ज्यांना पटत नाही त्यांनाही.

"आम्ही अजून सिटिझन नाही, आमचं कोण ऐकणार?" हेही दर वेळी कुणीतरी म्हणतं, बहुधा तरुण जोडपी. मतदारसंघात राहणारा प्रत्येकजण त्या आमदाराच्या जबाबदारीत येतो. फोनवर ते पत्ता विचारतात. पासपोर्ट कुणी विचारत नाही. भाड्याने राहत असाल तरी बोला. घरमालकाचा टॅक्स भाड्यातून तुम्हीच भरता, आणि म्हणूनच अँकरमध्ये भाडेकरूंनाही वाटा ठेवलेला आहे. इंग्रजी अडखळतं म्हणून संकोच वाटत असेल तर चार ओळी कागदावर लिहून वाचून दाखवा, कुणी हसत नाही. पहिल्या फोनाला सोबत हवी असेल तर शनिवार-रविवार सोडून कुठल्याही सकाळी घरी या. येताना टॅक्सचं बिल तेवढं घेऊन या.