आपल्याच शहरात पाहुणी

आज ठरवून आपल्याच शहरात टुरिस्टसारखी फिरले, गाडी मुद्दाम घरी ठेवून. इतकी वर्षं ज्या रस्त्याने ऑफिसला जाते ना, तिथे दुकानांच्या पाट्यांच्या वर नजरच जात नाही, आज मान वर केली तर जुन्या इमारतीच्या कपाळावर बांधल्याचं साल कोरलेलं, लाकडी कठड्यावर नाजूक वेलबुट्टी, आणि एका खांबावर मात्र सिमेंट थापून पार वाट लावलेली, जीव हळहळला खरंच.

म्युझियममधे शाळेच्या सहलीनंतर आजच गेले. जुन्या नकाशात आपला आताचा गजबजलेला चौक म्हणजे चक्क तळं! तिथले काका खुर्चीतून उठून बोट ठेवून एकेक गल्ली दाखवत बसले, किती आपुलकीने.

न्यूयॉर्कमधे १९९२ साली बिग ॲपल ग्रीटर नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात तिथलेच साधे रहिवासी पाहुण्यांना आपापला भाग फुकट फिरवून दाखवतात. असं आपल्याकडेही व्हायला हवं राव, मी तर एका पायावर तयार आहे.

१८ मेला जागतिक संग्रहालय दिन असतो, त्या दिवशी बऱ्याच म्युझियममधे प्रवेश मोफत असतो. कोण कोण येतंय बरोबर?