तपासणी ढिली असली की पैसे कशावर लागतात

गेल्या महिन्यात मामांच्या घराची आवराआवर करताना त्यांच्या लोखंडी पेटीत जुन्या सात वह्या सापडल्या. मामा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत जॉबर होते. पुण्याचा घोड्यांच्या रेसचा हंगाम पावसाळ्यात असतो. त्या दिवसांत महिन्यातून एकदा-दोनदा ते पहाटेच्या गाडीने पुण्याला जात आणि मध्यरात्री परतत. आईला त्यांचा हा नाद मुळीच आवडत नसे, आणि पगाराच्या आठवड्यात तर या विषयावरून घरात अबोला ठरलेला असे. वह्या मात्र एखाद्या अभ्यासू विद्यार्थ्याच्या असाव्यात तशा आहेत. पहिल्या चार वह्यांत प्रत्येक घोड्याचे वय, पाठीवरचे वजन, शर्यतीचे अंतर, मैदान ओले होते की कोरडे, जॉकी कोण होता आणि किती वेळात पल्ला कापला, हे सगळे आखीव रकान्यांत भरले आहे. पाचव्या वहीपासून रकाने कमी होत जातात आणि शेवटच्या दोन वह्यांत तीनच उरतात: ट्रेनर, सुरुवातीचा भाव (म्हणजे घोडा जिंकला तर रुपयाला किती मिळणार ते), शेवटचा भाव.

हा बदल का झाला, हे मामांनी मला फार पूर्वी एकदा सांगितले होते. "अगं, घोडा बघून आता काय कळतंय? तबेला कुणाचा ते बघायचं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत भाव कुठं पडतोय ते बघायचं." घोड्यांना काहीतरी दिले जाते आणि ते पकडले जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. कोणत्याही तबेल्यावर मी इथे आरोप करत नाही. मला लिहायचे आहे ते या समजुतीने पैसे लावणाऱ्या माणसाचे काय होते याबद्दल, कारण मी स्वतः जवळजवळ तीस वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या आहेत आणि तपासणीवरचा विश्वास उडाला की माणसे कशी वागतात हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे.

शर्यतीनंतर घोड्याचा नमुना घेणे हे दिसायला साधे काम आहे. विजेत्या घोड्याला, आणि स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, सांगितले तर आणखी काही घोड्यांना, वेगळ्या ठाणात नेतात. तिथे माणूस हातात भांडे धरून शीळ घालत उभा राहतो, कारण शिळेच्या आवाजाला घोडे लघवी करतात अशी त्यांना सवय लावलेली असते. नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करतात, एक तपासायला जातो आणि दुसरा वाद झाल्यास पुन्हा तपासता यावा म्हणून राखून ठेवतात. इथपर्यंतच्या शिस्तीत सहसा फारशी खोट नसते. खोट असते ती पुढे, कारण प्रयोगशाळेला जे शोधायला सांगितलेले असते तेच तिला सापडते. अमेरिकेत डर्मॉर्फिन नावाचे, दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या कातडीत आढळणारे आणि मॉर्फिनपेक्षा कितीतरी तीव्र वेदनाशामक द्रव्य घोड्यांना दिले जात होते. २०१२ साली एका प्रयोगशाळेने आपली पद्धत बदलून ते शोधायला सुरुवात केली आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या ३० हून अधिक घोड्यांच्या नमुन्यांत ते सापडले. त्याआधी अशा घोड्यांचे अहवाल 'निर्दोष' म्हणूनच गेले असणार, आणि त्या अहवालांवर विसंबून लोकांनी पैसे लावले असणार.

दुसरी अडचण वेळेची आहे. एरिथ्रोपोएटिनसारखे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते. औषध शरीरातून लवकर नाहीसे होते, पण वाढलेल्या पेशी कित्येक आठवडे काम करत राहतात. म्हणजे केवळ शर्यतीच्या दिवशी नमुना घेणाऱ्याला काहीच दिसणार नाही. त्यासाठी तबेल्यात अचानक जाऊनच नमुने घ्यावे लागतात. याउलट खाण्याच्या सोड्याचे द्रावण नळीने पोटात सोडून घोड्याचा थकवा लांबवण्याचा प्रकार शर्यतीच्या काही तास आधीचा असतो, आणि तो पकडायला रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाहावे लागते. त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी लिटरमागे ३६ ते ३७ मिलिमोल अशी धरलेली आहे. तिसरा प्रकार मला सर्वांत क्रूर वाटतो, तो म्हणजे घोडा हरावा म्हणून त्याला गुंगीचे औषध देणे. जिंकणाराच तपासला जाणार असेल तर हरलेल्या फेव्हरिट घोड्याकडे, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागले होते त्याच्याकडे, कोण पाहणार? आणि अर्धवट गुंगीतला घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो तेव्हा त्याच्या पाठीवर एक जिवंत माणूस बसलेला असतो, हे विसरून चालत नाही.

तपासणी कमकुवत आहे असे लोकांना वाटू लागले, म्हणजे लोक रेसकडे पाठ फिरवतील, असे बाहेरच्या माणसाला वाटते. काही जण फिरवतातही. पण मामांच्या वह्या वेगळेच सांगतात, आणि अमेरिकेतल्या एका प्रकरणाने ते मोठ्या प्रमाणावर दिसले. मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी सत्तावीस जणांवर आरोपपत्र ठेवले. त्यांत जेसन सर्व्हिस आणि हॉर्हे नवारो हे दोन नामांकित ट्रेनर होते. नवारोच्या घोड्यांचे जिंकण्याचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर होते, आणि चांगल्या ट्रेनरला पंधरा-वीस टक्के मिळाले तरी तो समाधानी असतो. त्याच्या घोड्यांमागे औषध आहे अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. त्याच्याकडे 'ज्यूस मॅन' असे छापलेले बूटसुद्धा होते. शेवटी त्याला पाच वर्षांची आणि सर्व्हिसला चार वर्षांची शिक्षा झाली. यातली माझ्यासारख्या लॅबमधल्या माणसाला टोचणारी गोष्ट ही, की हे जाळे उघडकीला आले ते प्रामुख्याने फोनवरची संभाषणे ऐकून. सर्व्हिसच्या तबेल्यातला मॅक्झिमम सिक्युरिटी हा घोडा फेब्रुवारी २०२० मध्ये सौदी कपच्या दोन कोटी डॉलरच्या शर्यतीत पहिला आला होता.

कुजबुज चालू असताना पैसे लावणारे काय करत होते? ते अशा ट्रेनरांच्या घोड्यांवर अधिक पैसे लावत होते. याचा परिणाम समजून घ्यायला टोटचा हिशेब पाहावा लागतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यांतून रेस क्लबचा आणि सरकारचा वाटा निघतो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. समजा शंभर रुपये जमले आणि वाटे जाऊन ऐंशी उरले. संशयित तबेल्याच्या घोड्यावर दहा रुपये असतील तर जिंकल्यावर रुपयाला आठ मिळतात. सगळ्यांना 'आतली' गोष्ट कळली आहे असे वाटून त्यावर चाळीस लागले तर रुपयाला दोनच मिळतात. म्हणजे जो लबाडीच्या बाजूने उभा राहतो त्याच्याही हातात काही दिवसांनी फारसे उरत नाही, कारण लबाडीची किंमत भावात आधीच मिसळलेली असते. खरा फायदा होतो तो आज कोणत्या घोड्याला काय दिले आहे हे नेमके ठाऊक असलेल्या चार-दोन माणसांचा. बाकीच्या हजारोंचे पैसे त्यांच्या खिशात जातात, आणि ज्याने अजूनही वजन, अंतर आणि वेळ यांचा अभ्यास करून प्रामाणिक घोडा निवडला आहे, तो सर्वांत आधी बुडतो. मामा चौथ्या वहीपर्यंत तो होते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच दाखवले होते, की चांगला माल आणि खराब माल ग्राहकाला वेगळा ओळखता आला नाही तर चांगला माल विकणारा बाजारातून निघून जातो. मला यात प्रामाणिक ट्रेनरचेही दुःख दिसते. शेजारचा तबेला काही देतो आणि सुटतो, मालक आपले घोडे उचलून तिकडे नेतो, आणि मग एकतर धंदा बंद करायचा किंवा आपणही सुई हातात घ्यायची, एवढेच त्याच्यापुढे उरते.

समजा चोरी पकडली गेली, तरी पैसे लावणाऱ्याला काय मिळते? अमेरिकेतल्या केंटकी डर्बी या नामांकित शर्यतीत १९६८ साली डान्सर्स इमेज हा घोडा पहिला आला आणि नंतर त्याच्या नमुन्यात फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सापडले. २०२१ च्या डर्बीत मेडिना स्पिरिट पहिला आला, त्याच्या नमुन्यात मिलिलिटरमागे २१ पिकोग्रॅम बीटामेथासोन हे सूज कमी करणारे औषध सापडले, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विजेतेपद दुसऱ्या आलेल्या मँडलूनला दिले गेले. दोन्ही वेळा बक्षिसाचा हक्क बदलला. टोटवर आधीच वाटलेले पैसे बदलले नाहीत. मँडलून पहिला येईल म्हणून पैसे लावणाऱ्याने आपले तिकीट केव्हाच फाडून टाकले असणार. निकालाचा कागद सुधारला जातो, पण ज्याच्या पैशावर हा सगळा डोलारा उभा आहे त्याचे नुकसान कोणी भरून देत नाही, हे मला सरळसरळ अन्याय्य वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे ठरवले. घोड्याची जात, तालीम, वेग, दम आणि जॉकीचे कसब यांवर निकाल ठरतो आणि पैसे लावणारा या गोष्टी अभ्यासू शकतो, हा त्या निकालाचा गाभा आहे. महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानांवर खिडकीत उघडपणे तिकीट मिळते आणि आमच्या गल्लीतला मटका मात्र गुन्हा ठरतो, तो याच भेदामुळे. मग घोड्याच्या रक्तात काय आहे यावर निकाल ठरू लागला आणि ते तपासणारी यंत्रणा कमी पडली, तर अभ्यास करायला उरते काय? मामांच्या पहिल्या चार वह्या न्यायालयाने वर्णन केलेल्या खेळाच्या आहेत आणि शेवटच्या दोन मटक्याच्या जवळ जाणाऱ्या आहेत, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते. २०१७ साली बंगळुरूत क्वीन लतीफा या घोडीच्या नमुन्यात प्रोकेन हे बधिर करणारे औषध सापडल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते, तेव्हा हा धोका काही केवळ परदेशातला नाही.

तपासणी कडक केली की धंदा बसतो, असे म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगकडे पाहावे. तिथे शर्यतीनंतर तर तपासतातच, पण धावणाऱ्या घोड्यांचे नमुने शर्यतीआधीही घेतात, आणि क्लबची स्वतःची प्रयोगशाळा आहे. शा टिन आणि हॅपी व्हॅली या दोन मैदानांच्या जोरावर तिथे एका हंगामात शंभर अब्ज हाँगकाँग डॉलरहून अधिक रक्कम लागते. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. तिथेही २०२० च्या अखेरीस कायदा झाला आणि मे २०२३ पासून बहुतेक राज्यांत एकच तपासणी व्यवस्था लागू झाली. कायद्याने झाले तरी लोकांची सवय सुटायला वेळ लागेल, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. एका लॅबचा अहवाल चुकला की पेशंट पुढची दहा वर्षे दोन ठिकाणी रक्त देतो.

आमच्या जिल्ह्यात धावता घोडा लोक पहिल्यांदा पाहतात तो बहुधा पालखीच्या रिंगणात, अकलूजला नाहीतर वाखरीजवळ, आणि घोडा गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मामाही लावत. त्यांना घोडे मनापासून आवडत होते. पहिल्या वहीत एका तपकिरी घोडीच्या नावापुढे त्यांनी 'कान ताठ, चाल मोकळी, आज आनंदात आहे' असे लिहिले आहे. सहाव्या-सातव्या वहीत घोड्याचे नावसुद्धा नाही. माझी मागणी एवढीच आहे, की शर्यतीच्या पुस्तकात जसे वजन आणि ट्रेनर छापतात तसेच गेल्या वेळी या घोड्याचा नमुना घेतला होता का, कोणत्या द्रव्यांसाठी तपासला, कुठे तपासला आणि निकाल काय आला, हे चार रकाने प्रत्येक नावापुढे छापावेत, आणि हरलेल्या फेव्हरिटचा नमुना स्टुअर्डच्या मर्जीवर न ठेवता प्रत्येक वेळी घ्यावा.