बुलेट १९८४, नोंद ७ : टाकी ठरली, आणि कोरीच घेतली

मागच्या नोंदीत माझ्या बुलेटच्या ठिणगीचं, म्हणजे पॉइंट्स आणि कॉइलचं काम संपवलं, तेव्हा वाटलं होतं की आता फक्त फिरायचं. मार्चमध्ये कसालहून मालवणला येताना तीच गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा रस्त्याकडेला फणसाच्या सावलीत कार्बोरेटरची वाटी काढली, तर तळाला कॉफीच्या गाळासारखा तपकिरी थर. बोटावर घेऊन चोळला तर रवाळ लागला. गंज होता तो, आणि तो वरून टाकीतूनच येत होता.

घरी आल्यावर टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, साबणाच्या पाण्यानं चार वेळा खळखळवून धुतली आणि दोन दिवस उन्हात ठेवली. मग रात्री पडवीतला दिवा घालवून आत छोटा एलईडी सोडला. डाव्या बाजूला मागच्या खालच्या कोपऱ्यात, जोडाला लागून, सुईच्या टोकाएवढे सात ठिपके उजळले. बाहेरून तिथं मधल्या कुणा मालकानं एम-सील थापून वर रंग मारलेला.

कोपरा डावाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. बुलेट साइड स्टँडवर डावीकडे कलते. टाकीच्या पोटात फ्रेमसाठी खाच असते, त्यामुळे तळाचे दोन कप्पे होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते डाव्या कप्प्याच्या सगळ्यात खोल जागी जाऊन बसतं. कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) नळी तळापासून थोडी वर असते, म्हणजे ते पाणी कॉकमधून कधीच बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं तिथंच राहतं. त्यात आपली हवा खारी. दिवसा टाकी तापते, रात्री थंड होते, आणि झाकणाच्या भोकातून दमट हवा आत ओढली जाते.

आता इथेनॉलचीही भर आहे. २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी एका हद्दीपुढे वाढलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. 'पावसाळ्यात टाकी गच्च भरून ठेवा' हा जुना सल्ला मी स्वतः अनेकांना दिलाय. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर मी तो आता मागे घेतो. टाकी पूर्ण रिकामी करा, वाळवा, आत थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घोळवा आणि तोंड बंद करून घरात ठेवा.

आधी अर्थातच जुनी वाचवायचा प्रयत्न केला. बंदरावर ट्रॉलरची कामं करणारे वेल्डर तात्या आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला, पत्रा आत गेला आणि टक्कन परत आला. म्हणाले, "ह्यो पत्रो आता कागद झालो रे. मी वेल्डिंग मारून देतंय, पण टाकी उद्या दुसरीकडे फुटतली." पत्र्याच्या बाबतीत तात्यांचा शब्द मी मोडत नाही. (धुतलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते. आत पाणी भरल्याशिवाय कुणाला ज्योत लावू देऊ नका. तात्याही भरूनच घेतात.)

मग नवीन टाकीचा शोध. पहिली चूक इथं झाली. फोटो पाहून काळी, सोनेरी रेघांची, तयार रंगवलेली टाकी मागवली. खोक्यातून काढली तेव्हा आरशासारखी चमकत होती. फ्रेमवर बसवायला गेलो तर मागचं माउंट, म्हणजे टाकी फ्रेमला जोडायची जागा, सहा मिलिमीटर बाजूला. शंका आली म्हणून पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक टाकीवरून फिरवलं. सगळीकडे नीट चिकटत होतं, उजव्या गुडघ्याजवळ मात्र तळहाताएवढ्या जागेत घसरून पडलं. खाली लांबी (पुट्टी) भरलेली. नव्या टाकीला पोचा, आणि पोचावर लांबी! विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की त्या चकचकीत रंगानं मला पत्रा बघूच दिला नाही.

तेव्हाच ठरवलं : टाकी घ्यायची ती कोरी, बिनरंगाची, हातात घेऊन.

एप्रिलमध्ये पुण्याला नाना पेठेत गेलो. पिशवीत जुना कॉक, जुनं झाकण, चुंबक, टॉर्च, मासळीवाल्यांकडचा टांगायचा काटा आणि पुठ्ठ्याचे दोन साचे होते. एक साचा पोटातल्या खाचेचा, दुसरा पुढच्या-मागच्या माउंटमधल्या अंतराचा. हे पुठ्ठ्याचे साचे अर्ध्या तासात होतात, आणि माझ्या मते टाकी घेताना याहून उपयोगी हत्यार नाही.

भंगारातली एक जुनी अस्सल टाकीही पाहिली. आकार इतका देखणा की मन अडकलं. टॉर्च आत मारला तर माझ्याच टाकीची बहीण. क्रोमवाली लगेच बाजूला ठेवली. खाऱ्या हवेत क्रोमला एकदा बारीक टोचे पडले की खालून गंज फुगतो, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

कोऱ्या टाक्या तीन मिळाल्या. काट्याला टांगल्यावर सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांच्यात जवळजवळ एक किलोचा फरक! २२ गेजचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर, २० गेजचा ०.९. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण गंजाला खायला तेवढाच पत्रा जास्त लागतो. जड असलेल्यांपैकी एकीच्या कॉकचे आटे इतके ढिले होते की जुना कॉक दोन फेऱ्यांत डुगडुगायला लागला. दुसरीत तो शेवटपर्यंत घट्ट गेला, पुठ्ठा खाचेत अलगद बसला आणि माउंट दीड मिलिमीटरनं चुकलं. दीड चालतं, रबर सांभाळून घेतं. तीच घेतली.

घरी आणून पहिली चाचणी हवेची. कॉकच्या जागी बूच आणि तोंडाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेलं रबर लावून हातपंपानं दोन पीएसआय भरले. याहून जास्त भरू नका, टाकीच्या सपाट बाजू फुगतात. विहिरीजवळच्या डोणीत बुडवली. कॉकच्या बुडाशी एक बुडबुडा, मग थांबून दुसरा. एवढंच, पण गळतीच ती. तात्यांनी पितळेचा डाग लावला, दहा मिनिटांचं काम. रंगवलेली असती तर आधी सगळा रंग जाळावा लागला असता.

कोऱ्या पत्र्याला मात्र मालवणात सवड नसते. संध्याकाळी टाकी उघड्या हातांनी उचलून टेबलावर ठेवली आणि जेवायला गेलो. सकाळी पाहिलं तर माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा, रेघा न् रेघा दिसणारा, गंजाच्या नारिंगी रंगात उमटलेला. त्याच दिवशी बारीक पॉलिश पेपर मारला, थिनरनं पुसलं आणि इपॉक्सी प्राइमर मारला. होडी रंगवणारे रेड ऑक्साइडपेक्षा इपॉक्सीवरच विश्वास ठेवतात, आणि त्यांचं काम रोज समुद्रात असतं. मे संपायच्या आत काळ्या रंगाचे दोन हातही झाले.

आतून अस्तराचं रसायन ओतलं नाही. नवा स्वच्छ पत्रा आहे. अस्तर नीट धरलं नाही तर पापुद्रे सुटून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. कारखान्यातलं तेल रॉकेलनं धुऊन काढलं, मग पेट्रोलनं. लिटरच्या मापानं भरून पाहिली, गळ्यापर्यंत १४ लिटर. कॉक 'ऑन'वर ठेवून उपसली, तर रिझर्व्हला सव्वा लिटर उरलं. हा आकडा झाकणाच्या आत खडूनं लिहून ठेवलाय.

आता राहिल्या सोनेरी रेघा. चेन्नईच्या कारखान्यात त्या हातानं ओढायची परंपरा आहे, मलाही स्टिकर नको. आमच्याकडे होड्यांवर नावं लिहिणारा पेंटर आहे, त्याचा हात एका श्वासात वाव-दीड वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) सरळ रेघ ओढतो. जूनपासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून सगळ्या होड्या किनाऱ्यावर आणि तो त्यांच्यात अडकलेला. नारळी पौर्णिमेनंतर येतो म्हणालाय. रेघांवरचा लॅकर ओल्या हवेत पांढरट पडतो, म्हणून तो ऑक्टोबरच्या उन्हात मारायचा. तोवर टाकी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर, आत टू-टी घोळवलेलं, तोंडाला बूच.

झाकणाचं गॅस्केट कॉर्कचं घ्यावं की नायट्राइल रबराचं, यावर तुमच्यापैकी कुणी २० टक्केवाल्या पेट्रोलवर वर्षभर गाडी चालवून पाहिली असेल तर मला जरूर कळवा.